जुन्या मोटारीचे भाडे

२०२३ च्या जानेवारी महिन्यात बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. ६ ते ८ जानेवारी असे तीन दिवस ‘ट्वेंटी-वन गन सॅल्यूट’ या नावाचे हे प्रदर्शन चालले. त्याची ती दहावी खेप होती. पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या चाकांच्या आणि लांबलचक नाकाच्या गाड्या हिरवळीवर ओळीने उभ्या होत्या. अशा ठिकाणी पाहणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गाडी कोणत्या सालची? कोणत्या कारखान्याची? तिच्यात कोण बसत असे? आज तिचे मोल किती? परंतु एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ही गाडी येथवर आली कशी?

मोटार म्हणजे आपल्या बळावर चालणारी गाडी. तेव्हा ती चालतच आली असेल, असे कोणालाही वाटावे. वस्तुस्थिती बहुधा निराळी असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटार गावातल्या गावात दिमाखाने फिरते. पण सहाशे मैलांचा सलग पल्ला तिला झेपेलच असे नाही. पाणी उकळते, ब्रेक तापतात, आणि वाटेत एखादा भाग मोडला तर तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. शिवाय कायद्याचीही मर्यादा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ घडण न बदललेल्या खाजगी गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी मालिका ठरवून दिली. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या प्रवासाला ती वापरता येत नाही, आणि व्यापारी कामाला तर नाहीच नाही.

तेव्हा जुन्या मोटारीला दूर जायचे असेल, तर तिला दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसावे लागते. आणि त्या पाठीचे भाडे द्यावे लागते. श्रीमंत संग्राहकाला या भाड्याची क्षिती नसते. तो आपली गाडी बंद पेटीच्या मालमोटारीतून, मखमलीत गुंडाळल्यासारखी नेतो. परंतु देशातील सगळ्याच जुन्या मोटारी राजेरजवाड्यांच्या नाहीत. आजोबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली फियाट, वकिलीच्या धंद्यात वापरलेली अँबॅसडर, डॉक्टरांची मॉरिस, अशा गाड्या मध्यमवर्गीय वाड्यांच्या पडवीत आजही उभ्या आहेत. वाडा विकला जातो, मुले दुसऱ्या शहरी जातात, आणि गाडी हलवण्याची वेळ येते. त्या वेळी भाडे गाडीच्या किमतीच्या बरोबरीला येऊन ठेपले, तर जवळचा भंगारवाला बाजी मारतो. जुनी मोटार टिकणार की वितळणार, हे पुष्कळदा अशा रीतीने वाहतुकीच्या दरावर ठरते.

हा दर कशाने चढतो आणि कशाने उतरतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला बडोद्यासारखे दुसरे ठिकाण नाही. कारण अवजड वस्तू स्वस्तात कशी न्यावी, या एकाच प्रश्नाशी हे शहर दीडशेहून अधिक वर्षे झगडत आले आहे.

प्रारंभ मोटारीच्या जन्माच्याही आधीचा आहे. १८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा लोहमार्ग टाकण्यात आला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मुंबई-ठाणे मार्गावर १८५३ मध्ये जे रूळ पडले, त्यांच्यामधील अंतर साडेपाच फूट होते. डभोईचे रूळ इतके हलके होते की त्यांचे वजन एका वाराला तेरा पौंड, म्हणजे मीटरला साडेसहा किलो भरे. आजच्या मुख्य मार्गावरील रूळ मीटरला साठ किलोचा असतो. या नाजूक रुळांवर इंजिन नेहमी चालवणे शक्यच नव्हते. म्हणून गाडीला बैल जुंपले गेले!

इंजिनाऐवजी बैल, हे ऐकून आज हसू येईल. परंतु त्यात व्यवहाराचे पक्के गणित होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथील कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता आणि गुजराती कापसाला मागणी आली होती. तो कापूस पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने मुख्य लोहमार्गापर्यंत पोचवणे फार कष्टाचे होते. काळ्या मातीत रुतणारी गाडी ओढताना बैलांची बहुतेक शक्ती मातीशी झुंजण्यातच जाते. तीच जोडी लोखंडी रुळांवर कितीतरी पट ओझे ओढते. मोठा लोहमार्ग बांधण्याइतका माल डभोईला नव्हता. पण छोट्या मार्गाइतका निश्चित होता. ओझ्याच्या मानाने वाहन निवडले, म्हणून भाडे परवडले. पुढे माल वाढला, तेव्हा १८७३ मध्ये त्याच वाटेवर जड रूळ पडले आणि इंजिने धावू लागली. स्वस्त वाहतुकीचा पहिला नियम येथे दिसतो. ओझ्यापेक्षा वाहनाचाच डौल मोठा झाला, की भाडे डौलाचे द्यावे लागते.

दुसरा धडा मुख्य मार्गाने दिला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६४ मध्ये मुंबई आणि अहमदाबाद ही शहरे जोडली आणि बडोदे या वाटेवरचे मोठे ठाणे झाले. मुंबई सेंट्रलपासून बडोदे आज लोहमार्गाने ३९२ किलोमीटर भरते. मोटारी मुंबईत १८९८ च्या सुमारास दिसू लागल्या. पण मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली मोटार बडोद्याला चालवत नेणे ही त्या काळी साहसाची गोष्ट होती. सडक कच्ची होती हे तर खरेच. परंतु खरा अडसर नद्यांचा होता. वैतरणा, दमणगंगा, तापी आणि शेवटी नर्मदा. भडोचजवळ नर्मदेवर १८८१ मध्ये जो लोखंडी पूल पुरा झाला, तो आगगाडीचा होता. १९३५ मध्ये रेल्वेसाठी शेजारी नवा पूल उभा राहिला, आणि त्यानंतर जुना पूल सडकेच्या वाहनांना मिळाला. ‘गोल्डन ब्रिज’ म्हणून लोक ओळखतात तो हाच. त्याच्या जोडीला सडकेचा नवा पूल जुलै २०२१ मध्ये खुला झाला.

याचा अर्थ असा, की मोटारीच्या पहिल्या तीन-चार दशकांत नर्मदा ओलांडण्याचा तिचा भरवशाचा मार्ग म्हणजे आगगाडीची वाघीण. राजघराण्याच्या बग्ग्या आणि घोडे ज्या सपाट, उघड्या वाघिणीवरून जात, त्याच प्रकारच्या वाघिणींवर मोटारीही चढू लागल्या. मोठ्या स्थानकांवर फलाटाच्या टोकाशी एक धक्का बांधलेला असे. वाघीण त्याला नाक लावून उभी करीत, मधली फट फळ्यांनी झाकीत, आणि गाडी ढकलत आत घेत. चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकले, दोरखंड आवळले, ताडपत्री टाकली, की मोटार निघाली. ज्या यंत्राने पुढे आगगाडीचे उतारू पळवले, ते यंत्र आरंभी आगगाडीच्याच पाठीवर बसून देशभर गेले, हा इतिहासातील एक गमतीचा योग आहे.

मोटार दूर नेण्यात आणखी एक खर्च दडलेला असतो. तो म्हणजे पोकळीचा. जहाजाचे भाडे केवळ वजनावर घेत नसत; चाळीस घनफूट जागा म्हणजे एक टन, असे माप धरीत. उभी मोटार म्हणजे निम्मीअधिक हवा. आसनांमधील हवा, टपाखालची हवा, चाकांमधील हवा. या हवेचेही भाडे समुद्रापार भरावे लागे. यावर कारखानदारांनी तोडगा काढला. गाडी सुटी करावी, भाग खोक्यांत रचावेत, आणि मुक्कामी पोचल्यावर जुळवावेत. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला असा जुळणीचा कारखाना काढला. तेथून निघालेली गाडी भारतातच उभी राहिलेली असे. जहाजातून आलेली असत ती फक्त खोकी.

हाच विचार बडोदे संस्थानातही रुजला. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, नवसारी, कडी आणि अमरेली हे प्रांत गुजरातभर विखुरलेले होते. आणि काठेवाडच्या पश्चिम टोकाशी, द्वारकेजवळ, ओखामंडळ होते. तेथे सयाजीराव महाराजांच्या राजवटीत संस्थानाने ओखा बंदर उभारले. १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी स्थापन केली, तेव्हा तिने आपला पहिला छोटा जुळणीचा कारखाना याच ओख्यात थाटला. १९४८ मध्ये कंपनीने आपले बस्तान बंगालमध्ये उत्तरपाऱ्याला हलवले, आणि पुढे तेथूनच अँबॅसडर गाडी निघाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ज्या गाडीकडे सारा देश सरकारी ऐटीचे चिन्ह म्हणून पाहत असे, तिच्या कारखान्याचे मूळ असे बडोदे संस्थानाच्या भूमीत आहे.

परंतु बंदर जवळ असले म्हणजे माल स्वस्त पोचतो असे नाही. ओख्यापासून निघालेला मीटर मापाचा लोहमार्ग विरमगामपर्यंत येई; तेथून पुढे रुंद मापाचा मार्ग सुरू होई. रुळांचे माप बदलले, की वाघीण पुढे जात नाही. माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागतो. प्रत्येक उतरवणीला हमाली पडते, वेळ जातो, आणि काहीतरी मोडते. विरमगामला दुसराही एक अडथळा होता. काठेवाडी बंदरांतून ब्रिटिश हद्दीत येणाऱ्या मालावर तेथे जकातीची रेषा आखलेली होती. १९१५ मध्ये गांधीजी काठेवाडात आले, तेव्हा वढवाणच्या मोतीलाल नावाच्या शिंप्याने त्यांच्यापाशी याच नाक्याची तक्रार मांडली. गांधीजींनी प्रश्न धसास लावला आणि १९१७ मध्ये ती जकात उठली. मात्र १९२७ मध्ये, काठेवाडी बंदरांतील व्यापार वाढलेला पाहून, सरकारने ती रेषा पुन्हा आखली. वाहतुकीचा तिसरा नियम येथे उमगतो. अंतरापेक्षा हद्दी महाग असतात. मैलामागून मैल तोडताना जेवढा खर्च होत नाही, तेवढा एका नाक्यावर थांबताना होतो.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. देशभरातील राजवाड्यांच्या तबेल्यांत उभ्या असलेल्या मोटारींचा प्रवास त्यानंतर उलट दिशेने सुरू झाला. पूर्वी त्या बंदरांतून राजवाड्यांकडे येत. आता राजवाड्यांतून बाहेर पडू लागल्या. कित्येक परदेशी गेल्या. पुढे शासनाने जुन्या मोटारींच्या निर्यातीला अटकाव केला. कित्येक देशातल्या देशात हौशी लोकांनी विकत घेतल्या. काही मात्र ना गेल्या ना राहिल्या. जागच्या जागी गंजल्या. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची वार्षिक फेरी भरवण्यास आरंभ केला, तेव्हा कुठे ही अडगळ नसून ठेवा आहे, ही जाणीव सुशिक्षितांत पसरू लागली.

या काळात मोटार नेण्याचे काम आगगाडीकडून मालमोटारीकडे गेले. दारातून उचलून दारात सोडण्याची सोय आगगाडीला जमणारी नव्हती. पण सडकेने आपले नाके सोबत आणले. गावोगावच्या जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा तासन्‌तास उभ्या राहत. चालकाचा भत्ता, थांबलेल्या गाडीचे व्याज आणि वरकड खर्च, सारे अखेर भाड्यातच मिळवले जाई. गुजरातने २००७ मध्ये जकात उठवली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. वढवाणच्या शिंप्याने मांडलेले गाऱ्हाणे अशा रीतीने शंभर वर्षांनी मालमोटारींच्या बाबतीत फिटले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता राहिला चौथा नियम. आणि जुन्या मोटारीच्या मालकाला सर्वांत उपयोगी पडणारा तो हाच. तो परतीच्या फेरीचा.

जुन्या काळचे हुंडेकरी हे गणित तोंडपाठ जाणत. बैलगाडी कापूस घेऊन बंदराला गेली, की परतताना मीठ किंवा नारळ भरून येई. रिकामी परतली, तर जाण्याचे भाडे दुप्पट लावावे लागे. कारण बैलांना वैरण दोन्ही वाटांवर लागते. आज हीच स्थिती मोटारी वाहणाऱ्या मालमोटारींची आहे. बडोदे दिल्ली-मुंबई महामार्गावर वसलेले आहे, आणि मोटारींच्या कारखान्यांनी वेढलेले आहे. जवळच्या हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना १९९० च्या दशकापासून चालला आणि २०१७ मध्ये बंद पडला. २०१९ पासून तेथे एमजी या नावाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. अहमदाबादजवळ साणंद आहे. मेहसाण्याच्या बाजूला हंसलपूर आहे. दक्षिणेला पुण्याजवळ चाकण आहे. उत्तरेला गुडगाव आणि मानेसर आहेत. या कारखान्यांतून नव्या गाड्या घेऊन लांबलचक दुमजली मालमोटारी निघतात. माल उतरवल्यावर त्यांना कारखान्याकडे परतायचेच असते. परतीच्या वाटेवर भरपूर माल मिळाला तर ठीक. नाहीतर मजल्यांत जागा मोकळी राहते.

या मोकळ्या जागेचे भाडे वेगळ्या न्यायाने ठरते. एकट्या गाडीसाठी खास मालमोटार मागवली, तर तिचे जाणे, येणे, चालक, डिझेल आणि पथकर असा सर्व भार त्या एका गाडीवर पडतो. तीच गाडी परत जाणाऱ्या मालमोटारीच्या मोकळ्या जागेत बसली, तर तो भार पाच-सहा गाड्यांत वाटला जातो. आणि जी जागा अन्यथा फुकट गेली असती, तिचे जे मिळेल ते मालमोटारवाल्याला हवेच असते. मात्र त्यासाठी मालकाला दोन गोष्टी सोडाव्या लागतात. एक म्हणजे तारखेचा हट्ट. आठ-पंधरा दिवस थांबण्याची ज्याची तयारी, त्याला दर उतरून मिळतो. दुसरी म्हणजे दाराचा हट्ट. गल्लीबोळातून लांब मालमोटार आत शिरत नाही. तेव्हा गाडी महामार्गावरच्या मोकळ्या तळापर्यंत स्वतः नेऊन सोडावी आणि मुक्कामीही तशीच उचलावी, हे सोयीचे ठरते. घाई आणि आळस या दोहोंचे मोल मोजले, की स्वस्ताई आपोआप दिसू लागते.

रेल्वेनेही हा धंदा सोडलेला नाही. उलट नव्याने धरला आहे. उतारूंच्या सेवेतून निवृत्त झालेले डबे खिडक्या बंद करून मोटारींच्या वाहतुकीला लावण्याची युक्ती भारतीय रेल्वेने काढली. डब्यांच्या टोकांना दारे असतात. एका डब्यातून दुसऱ्यात, असे करीत मोटारी रांगेने आत चालत जातात. ज्या डब्यात एके काळी माणसे दाटीवाटीने बसत, त्यातून आता कोऱ्या मोटारी प्रवास करतात. मार्च २०२४ मध्ये हंसलपूरच्या कारखान्याच्या आवारातच रेल्वेचा फाटा सुरू झाला. परंतु ही सारी व्यवस्था घाऊक मालाची आहे. एकटीदुकटी जुनी मोटार घेऊन येणाऱ्यासाठी अख्खी गाडी थांबत नाही.

एकट्या माणसाच्या मोटारीला आगगाडीवर जागा मिळावी, असा एक प्रयोग अलीकडे मराठी मुलखात झाला, त्याची येथे आठवण केली पाहिजे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेल्या मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास प्रारंभ केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशोत्सवाच्या निमित्ताने, तिने कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी खाजगी मोटारींसाठी तशीच सेवा जाहीर केली. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. एका फेरीत चाळीस मोटारींची सोय. आणि सोळांहून कमी नोंदणी झाली तर फेरी रद्द. सोळांची ही अट फार बोलकी आहे. सोळा माणसे एकत्र आली तर सगळ्यांना परवडते. पंधराच आली तर कोणालाच मिळत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि फ्लॉरिडा या राज्यांच्या दरम्यान मोटारी आणि त्यांचे मालक यांना एकाच आगगाडीने नेण्याची सेवा अनेक दशके चालू आहे, तीही प्रवाशांचा ओघ सतत असतो म्हणूनच. गुजरातेत हझिरा आणि घोघा यांच्या दरम्यान २०२० मध्ये सुरू झालेल्या मोठ्या बोटीने खंबायतचे आखात ओलांडताना सडकेचे सुमारे ३७० किलोमीटर समुद्राच्या ९० किलोमीटरांवर आले. भावनगरकडची एखादी जुनी गाडी दक्षिण गुजरातेत आणायची, तर तिला हा वळसा टळतो. जागा वाटून घेतली, की अंतर आटते, हाच या सर्वांचा मथितार्थ.

अर्थात स्वस्ताईलाही एक मर्यादा असते. जुनी मोटार ही साखरेची गोणी नव्हे. तिच्या सांगाड्यात पुष्कळदा लाकूड असते. तिचे रबर वाळलेले असते. तिचा एक दिवा फुटला तर दुसरा मिळत नाही. म्हणून जाणकार काही पथ्ये पाळतात. टाकीत इंधन नाममात्र ठेवतात. विजेच्या घटाची जोडणी सोडवतात. सुटे दिवे, आरसे, टोप्या काढून वेगळ्या बांधतात. दोरखंड वा पट्टे शक्यतो चाकांवर आवळतात. सांगाड्याला बांधून खाली ओढले, तर वाटभर स्प्रिंगांना गचके बसतात. जमिनीला लागून असलेल्या गाडीसाठी चढणीच्या फळ्या लांब घेतात, नाहीतर पोट घासते. निघण्यापूर्वी चारी बाजूंनी तारखेसह छायाचित्रे घेतात, आणि विमा कोणाचा, किती रकमेचा, हे कागदावर लिहून घेतात. नोंदणीचे मूळ कागद गाडीत न ठेवता जवळ बाळगतात आणि प्रती चालकाला देतात. या पथ्यांना खर्च फार थोडा लागतो. ती चुकली, तर मात्र वाचवलेल्या भाड्याच्या दसपट रक्कम जाते. डभोईच्या हलक्या रुळांवर कोणी अट्टाहासाने जड इंजिन घालता, तर रूळही गेले असते आणि इंजिनही. वाहनाचा ओझ्याशी मेळ हवा, हा नियम दोन्ही बाजूंनी लागू पडतो.

लालबागेतील प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे महाविद्यालय चालले. त्याच परिसरात २०२२ मध्ये वाहतूक या विषयाला वाहिलेले गतिशक्ती विश्वविद्यालय केंद्रीय विद्यापीठ म्हणून उभे राहिले. ज्या नगरीच्या राज्यात बैलांनी आगगाडी ओढली, तेथेच आज वाहतुकीचे शास्त्र शिकवले जाते, हे योग्यच झाले. मात्र शास्त्राने मोठ्या मालाचा विचार करताना छोट्या ओझ्याचाही विचार केला पाहिजे. एकेका घरातील एकेक जुनी मोटार हे असेच छोटे ओझे आहे. ती कोणत्याही आराखड्यात येत नाही आणि कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

तिच्यासाठी फार मोठी योजना नको. जुन्या मोटारींचे मंडळ प्रत्येक मोठ्या शहरात आहे. अशा मंडळांनी परतणाऱ्या मालमोटारींची माहिती एकत्र करावी; एका दिशेने जाणाऱ्या पाच-सहा गाड्यांची मोट बांधावी; प्रदर्शनाच्या तारखा ठरवताना वाहतुकीचाही मेळ घालावा. हुंडेकरी जे काम आपल्या वहीवर करीत, तेच हे काम आहे. तेवढे झाले, तर राजवाड्याच्या हिरवळीवर राजांच्या रोल्सशेजारी एखाद्या शाळामास्तरांची फियाटही उभी राहील. आणि इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या फियाटची जागा तेथे कमी हक्काची नाही. राजाची मोटार राजाचे वैभव सांगते; मास्तरांची मोटार एका सामान्य घराने पै-पै साचवून गाठलेल्या सुखाची साक्ष देते. पहिली जपण्यास धनिक समर्थ आहेत. दुसरी वाचायची असेल, तर तिचे भाडे परवडले पाहिजे.